पावती आणि लायसन

आई गेल्यावर राजारामपुरीतल्या घराचा माळा रिकामा करायची वेळ आली. तिथे वडिलांची पत्र्याची पेटी होती. वडिलांना कागद टाकवत नसे. लाइटबिले, शाळेची फी भरल्याच्या चिठ्ठ्या, रेशनकार्डाच्या जुन्या प्रती असे सगळे सुतळीने बांधून ठेवलेले. त्यातल्या एका जुडग्यात दोनच कागद होते. एक १९६६ सालची पावती : मर्फी कंपनीचा एक व्हॉल्व्ह रेडिओ, किंमत साडेतीनशे रुपये, विक्रीकर वेगळा, खाली दुकानदाराची सही आणि 'रोख मिळाले'. दुसरे पोस्टाने दिलेले रेडिओ लायसनचे पुस्तक. आत दरवर्षीची तिकिटे चिकटवलेली, त्यांवर गोल शिक्के. शेवटचा शिक्का १९८३ चा.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. तीस वर्षे दुसऱ्यांच्या दुकानांचे हिशेब लिहिले, त्यामुळे पावत्या वाचायची सवय लागली, आणि पुढे त्या जमवायचा नाद जडला. कॅशमेमो, गॅरंटीकार्डे, हप्त्यांची कार्डे, मालाबरोबर येणारी माहितीपत्रके असे काय काय माझ्याकडे आहे. राजांच्या सनदा जपायला पुष्कळ लोक आहेत, गिऱ्हाइकाच्या सनदा कोणी जपत नाही, म्हणून मी जपतो. बायको याला रद्दी म्हणते. तिचेही चूक नाही.

पण हे दोन कागद शेजारी ठेवले आणि माझे मन अडकले. पावती सांगत होती की साडेतीनशे रुपये दिले, रेडिओ तुमचा झाला. लायसनचे पुस्तक सांगत होते की दरवर्षी पैसे भराल तोवरच तो तुम्हाला घरात ठेवता येईल. वडील या रेडिओचे मालक होते म्हणजे नेमके काय होते? गेले वर्षभर या प्रश्नाच्या मागे फिरलो. जे सापडले ते मांडतो.

आधी पावतीचा कायदा. भारतात वस्तूंच्या विक्रीचा स्वतंत्र कायदा १९३० चा, तो १ जुलै १९३० पासून लागू झाला. त्यापूर्वी हा विषय १८७२ च्या कराराच्या कायद्यातच होता. १९३० च्या कायद्याने विक्रीची व्याख्या केली ती अशी, की विकणारा वस्तूची मालकी किंमत घेऊन घेणाऱ्याच्या नावे करतो. नुसता ताबा नाही, नुसता वापर नाही, मालकी. त्याच्या चौदाव्या कलमात आणखी एक गोष्ट न लिहिता गृहीत धरलेली आहे : घेणाऱ्याला त्या वस्तूचा निर्वेध उपभोग मिळेल, कोणी मागून येऊन त्यात खो घालणार नाही. वकिली भाषा सोडली तर आपल्या आज्या जे सांगत तेच हे. पैसे मोजले, वस्तू घरात आली, आता तिचे काय करायचे ते आपण बघू.

आता लायसनचा कायदा. मुंबई केंद्राचे प्रक्षेपण २३ जुलै १९२७ ला सुरू झाले ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी कंपनीकडून. रेडिओच्या परवान्याची फी वर्षाला दहा रुपये होती आणि तिचा मोठा हिस्सा या कंपनीला मिळायचा. कंपनीचा संसार त्यावरच चालायचा, आणि तो चालला नाही. ऐकणारे वाढत होते, फी भरणारे त्या मानाने फार थोडे. मार्च १९३० मध्ये कंपनी बुडाली आणि सरकारने प्रक्षेपण हाती घेतले. फी चुकवणाऱ्यांचा प्रश्न मात्र तसाच राहिला, आणि त्याचे कारण कायद्यातच होते. १८८५ च्या तारायंत्राच्या कायद्याने परवान्याशिवाय यंत्र उभारणे, राखणे, चालवणे हा गुन्हा होता. नुसते घरात असणे हा गुन्हा नव्हता. रेडिओ वाजत होता हे कोर्टात शाबीत कोणी करायचे? शिपाई दारात येईपर्यंत बटण बंद होई.

यावर उपाय म्हणून १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा आला आणि त्याने एक शब्द बदलला. आता गुन्हा वाजवण्यात नव्हता, बाळगण्यात होता. परवान्याशिवाय यंत्र जवळ सापडले तर पहिल्या वेळी शंभर रुपयांपर्यंत दंड, पुन्हा सापडले तर अडीचशेपर्यंत. शिवाय यंत्र ज्या जागेत सापडेल ती जागा ज्याच्या ताब्यात, त्याच्याच जवळ ते आहे असे कोर्टाने धरून चालायची सोय. म्हणजे १९३० साली एका कायद्याने वस्तू तुमच्या मालकीची केली आणि तीनच वर्षांनी दुसऱ्याने सांगितले की तुमच्या मालकीची असली म्हणून ती तुम्हाला बाळगता येईलच असे नाही. त्या काळी बंदूक आणि रेडिओ या दोन्ही गोष्टी घरात ठेवायला कागद लागत असे, हे आज मुलांना सांगितले तर हसतात.

आमच्या गल्लीतही हा शब्द जिवंत होता. शेजारच्या काकांनी बरीच वर्षे लायसन काढलेच नाही. 'लायसनवाला आला' अशी आवई उठली की काकू रेडिओ गोधडीत गुंडाळून तांदळाच्या कणगीत ठेवायच्या. एकदा असा ठेवला तो चालूच राहिला, आणि कणगीतून सांगली केंद्राच्या बातम्या येऊ लागल्या. ही गोष्ट आमच्याकडे इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तीत खरे किती आणि भर किती ते आता मलाही सांगता येत नाही. सांगली केंद्र १९६३ चे, एवढे पक्के.

माझे वडील मात्र दरवर्षी रांगेत उभे राहून पंधरा रुपये भरत. त्यांना त्यात अपमान वाटत नसे. लहानपणी मी विचारले होते, रेडिओ आपला तर पैसे कशाचे? ते म्हणाले, "डबा आपला रे, आवाज सरकारचा." या उत्तरात बराच कायदा आहे हे मला आत्ता कळते आहे. पण १९३३ चा कायदा आवाजाबद्दल बोलत नव्हता, डब्याबद्दलच बोलत होता. वडिलांनी सरकारच्या वतीने सरकारपेक्षा चांगली बाजू मांडली होती.

पुढे ट्रान्झिस्टर इतके स्वस्त झाले की फी गोळा करायचा खटाटोपच परवडेना. आधी एक-दोन बँडच्या छोट्या रेडिओंची फी गेली आणि १९८० च्या दशकाच्या मध्यावर रेडिओ व टीव्ही दोघांचीही. कायदा मात्र कागदावर राहिला. तो आणि १८८५ चा कायदा अशा दोघांची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार कायदा करावा लागला.

इथपर्यंत आलो तेव्हा वाटले होते की वस्तू विकत घेऊनही ती पुरती आपली न होणे हा सरकारी मामला आहे, परवाना राज्य गेले, प्रश्न संपला. पण मग माझ्याच संग्रहातल्या ग्रामोफोनच्या तबकड्या आठवल्या. एचएमव्हीच्या तबकडीवर, कुत्र्याच्या चित्राभोवती, बारीक इंग्रजीत सूचना छापलेली असते : सर्व हक्क राखीव, परवानगीशिवाय ही तबकडी जाहीरपणे वाजवणे, प्रक्षेपित करणे किंवा तिची नक्कल करणे मना आहे. आता कोल्हापुरात वाढलेल्या माणसाने हे वाचून काय करावे? आमच्या लहानपणी गणपतीचे दहा दिवस प्रत्येक गल्लीत कर्ण्यावर याच तबकड्या वाजायच्या. सूचना अक्षरशः गोल गोल फिरत असायची आणि ती वाचायला कोणी वाकून बघत नसे.

या सूचनेत तरी न्याय आहे. तबकडी माझी, गाणे माझे नाही. रचणाऱ्या-गाणाऱ्याचा त्यावर हक्क आहे, हे पटते. पण याच धंद्यात तिकडे अमेरिकेत त्याआधी एक जबर प्रयोग होऊन गेला होता. व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनी, जिच्याकडेही तेच कुत्र्याचे चित्र होते, आपल्या ग्रामोफोनवर एक लायसनची नोटीस लावून ते बाजारात आणी. नोटिशीचा आशय असा की हे यंत्र विकलेले नाही. मालकी कंपनीचीच आहे. तुम्ही दिलेले पैसे ही वापराची रक्कम आहे, आणि यंत्रातल्या शेवटच्या पेटंटची मुदत संपेपर्यंत तुम्ही ते कंपनीच्या अटींवरच वापरायचे. पुढे हप्ता नाही, भाडे नाही. पैसे एकदाच आणि पुरे घेतलेले. तरी विक्री नाही!

न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाचे मालक स्ट्रॉस बंधू स्वस्तात माल विकण्यासाठी प्रसिद्ध होते. ठरलेल्या किमतीच्या खाली ग्रामोफोन विकले म्हणून व्हिक्टरशी त्यांचे वाजले आणि १९१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो स्ट्रॉस यांच्या बाजूने. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे, की पूर्ण किंमत घेऊन वस्तू देऊन टाकायची आणि वर कागद चिकटवून तिला लायसन म्हणायचे, हे सोंग आहे; ही विक्रीच आहे, आणि विकलेल्या वस्तूवर मागून दोरी बांधता येत नाही. याच दुकानाने नऊ वर्षे आधी, १९०८ साली, पुस्तकाचीही अशीच लढाई जिंकली होती. बॉब्ज-मेरिल या प्रकाशकाने एका कादंबरीत छापले होते की हे पुस्तक एक डॉलरच्या खाली विकले तर तो लेखहक्काचा भंग समजला जाईल. मेसीजने ते ८९ सेंटला विकले. न्यायालय म्हणाले, प्रत एकदा विकलीत की त्या प्रतीपुरता तुमचा अधिकार संपला. ही दोन्ही प्रकरणे पैशासाठी लढली गेली, गिऱ्हाइकाच्या कल्याणासाठी नव्हे, हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते. आपले पुष्कळ हक्क दोन व्यापाऱ्यांच्या भांडणात आपल्या पदरात पडले आहेत.

आपल्याकडचा धागा वेगळा आहे. हिंदुस्थानातले शेवटचे अपील १९४९ पर्यंत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाई. तिथे १९११ साली ऑस्ट्रेलियातून एक खटला आला : एडिसनची नॅशनल फोनोग्राफ कंपनी विरुद्ध मेंक नावाचा दुकानदार. पुन्हा तेच, गाणे वाजवण्याचे यंत्र आणि कंपनीच्या अटी. प्रिव्ही कौन्सिलने मधली वाट काढली. पेटंट असलेली वस्तू विकत घेणाऱ्याला सर्वसाधारणपणे पुरी मालकी मिळते; मात्र घेतानाच त्याला अट माहीत असेल तर ती अट त्याला बांधते.

घेताना माहीत असेल तर. हे चार शब्द मी वहीत स्वतंत्र पानावर लिहून ठेवले आहेत, कारण वडिलांच्या पेटीपासून आजच्या मोबाइलपर्यंतचा सगळा प्रवास मला या चार शब्दांवरून झालेला दिसतो.

घेताना काय माहीत असायचे याचा आपल्याकडचा जुना नमुना बघा. मराठी राज्यातल्या इनामाच्या सनदांत एक ठरीव वाक्यांश येतो : 'कुलबाब कुलकानू, हल्ली पट्टी व पेस्तर पट्टी, जल तरु तृण काष्ठ पाषाण निधि निक्षेपसहित'. वरचे पाणी, झाड, गवत, लाकूड, दगड, जमिनीत सापडेल ते धन आणि पुरलेले ठेवणे, आजची पट्टी आणि पुढे बसेल ती पट्टी, सगळ्यासकट. देणाऱ्याने काय मागे ठेवले नाही ते मोजून सांगायचे. इनाम म्हणजे विक्री नव्हे आणि राजाची मर्जी फिरली की इनामेही जप्त होत, हे मी विसरलेलो नाही. पण कागदाची वृत्ती बघा. तो देणे मोजतो. आजच्या यंत्राबरोबर येणारा करारनामा उलट्या बाजूने लिहिलेला असतो. तो काय दिले नाही ते मोजतो, आणि मोजता मोजता चाळीस पाने होतात.

हप्त्याच्या व्यवहारातही गिऱ्हाइकाला आपली जागा ठाऊक असे. सिंगरची शिवणयंत्रे या पद्धतीने घरोघर गेली. माझ्याकडच्या एका जुन्या हप्त्याच्या कार्डावर स्पष्ट लिहिले आहे की शेवटचा हप्ता फिटेपर्यंत यंत्र कंपनीचे. बाईला हे माहीत होते. म्हणून तर ती रात्री जागून परकर-पोलकी शिवायची आणि शेवटचा हप्ता फिटला की यंत्राला हळदकुंकू लावायची. (या व्यवहाराला शिस्त लावणारा कायदा संसदेने १९७२ साली केला, तो प्रत्यक्षात कधी चाललाच नाही आणि २००५ साली रद्द झाला. आपल्याकडे असे न वापरता जुने झालेले कायदे बरेच आहेत.)

आता ज्या वस्तूबद्दल तुमच्या-माझ्यात गैरसमज होण्याचे कारण नाही तिच्याकडे येतो. तुमच्या हातातला हा दिवाळी अंक. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून दिवाळी अंक विकत घेणारा एक आणि वाचणारे दहा, हे गणित चालत आले आहे. वर्गणी भरून शंभर अंक घरपोच फिरवणारी वाचनालये गावोगाव आहेत. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून हेच करते : एक प्रत घ्यायची आणि ती शेकडो हातांतून फिरवायची. यासाठी प्रकाशकाची परवानगी लागत नाही, याचे आपल्याला कधी नवलही वाटले नाही. १९५७ च्या लेखहक्क कायद्याच्या चौदाव्या कलमात प्रती बाजारात आणण्याचा हक्क लेखकाला दिला आहे, पण लगेच म्हटले आहे की आधीच प्रसारात आलेल्या प्रती सोडून. मराठी वाचनसंस्कृती म्हणून आपण ज्याचा गौरव करतो ते सगळे या 'सोडून'वर उभे आहे. लक्ष्मीपुरीतला रद्दीवाला, बेळगावपर्यंत फिरणारी कादंबरी, मामाने भाचीला दिलेले पुस्तक, सगळे.

सिनेमाच्या आणि गाण्यांच्या कॅसेटींना मात्र पुढे ही सूट नव्हती. १९९४ च्या दुरुस्तीने त्यांच्यासाठी शब्द घातले की प्रत आधी विकलेली असो वा नसो, ती पुन्हा विकणे वा भाड्याने देणे हा हक्क मालकाचाच. याच आधारावर २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने परदेशातून रीतसर विकत आणलेल्या डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या एका व्हिडिओ लायब्ररीला मनाई केली. २०१२ साली ते शब्द काढून टाकण्यात आले. तोवर आमच्या भागातल्या व्हिडिओ लायब्रऱ्यांची मोबाइलची दुकाने होऊन गेली होती.

मोबाइलच्या दुकानांपाशी आलोच आहे तर राजारामपुरीबद्दल दोन शब्द. आमच्या मुख्य रस्त्यावर नवी वस्तू विकणारी काचेची दुकाने आणि आतल्या गल्ल्यांत त्याच वस्तू दुरुस्त करणारी टेबले, अशी वाटणी फार दिवसांची आहे. थोडे पलीकडे गेले की शिवाजी उद्यमनगर. तिथे ओतकाम आणि लेथ यांचा संसार. शेतावरच्या ऑइल इंजिनाचा भाग तुटला तर शेतकरी तुटका भाग पिशवीत घालून आणायचा आणि संध्याकाळच्या एसटीने तसाच नवा भाग घेऊन जायचा. मूळ कंपनीला पत्र लिहून वाट बघण्याची रीत नव्हती. या गावाला ही खोड जुनीच. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी चित्रपट दाखवायला प्रोजेक्टर विकत घेतला, त्या यंत्रविद्येत शिरले, आणि १९१६ साली आनंदराव गेल्यावरही बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा इथेच घडवला. १९२० चा 'सैरंध्री' त्यातूनच आला. विकत घेतलेले यंत्र उघडायला कोणाची परवानगी लागते, असा प्रश्न त्यांना पडला असेल असे वाटत नाही.

तो प्रश्न आम्हाला पडू लागला तो गाड्यांपासून. नव्या मोटारी आल्या, त्यांचे दोष संगणक लावून बघायचे, तो संगणक आणि मूळ सुटे भाग कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपलाच मिळायचे, आणि बाहेर हात लावला तर वॉरंटी रद्द. शमशेर कटारिया नावाच्या गृहस्थांनी २०११ साली भारतीय स्पर्धा आयोगाकडे याची तक्रार केली. आयोगाने चौकशी वाढवत नेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या मेकॅनिकलाही उपलब्ध करा म्हणून बजावले. पुढे अपिले झाली, दंडाचे आकडे फिरले. पण हा निकाल मला आपल्या काळातला महत्त्वाचा दस्तऐवज वाटतो. गाडी विकल्यावरही तिच्यावर ताबा राहावा अशी व्यवस्था कंपनी करू शकते आणि ती व्यवस्था बेकायदा असू शकते, हे त्यात पानोपानी मांडले आहे. आमच्या उद्यमनगरातल्या एकाही गॅरेजवाल्याने मला त्याचे नाव सांगितले नाही. हा भाग वेगळा.

माझा स्वतःचा अनुभव लहान आहे. हिशेबाच्या कामासाठी एक प्रिंटर घेतला. शाई संपली की गल्लीतला मुलगा सुईने भरून द्यायचा. एके दिवशी प्रिंटरने आपण होऊन इंटरनेटवरून काहीतरी उतरवून घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून भरलेली शाई घेईना. शाई तीच, डबी तीच. मी पावती काढून बघितली. तिच्यावर अशी अट कुठेही नव्हती. नंतर वाचनात आले की मेंकच्या खटल्याचा शेवटही शाईच्या डब्यांनीच झाला. पुन्हा भरलेल्या डब्यांवरून सेको एप्सन आणि कॅलिडॅड यांचा वाद ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२० साली न्यायालयाने १९११ चा तो जुना सिद्धांत बाजूला ठेवून ठरवले की वस्तू विकली की तिच्या वापरावरचा पेटंटवाल्याचा हक्क संपतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही लेक्समार्कच्या शाईबाबत २०१७ साली तेच सांगितले. मोठमोठ्या सिद्धांतांच्या नशिबी अशी शाईची डबी का यावी कोण जाणे.

पण माझ्या प्रिंटरला हे निकाल वाचता येत नाहीत, आणि नव्या अडचणीची गोम इथेच आहे. व्हिक्टरची नोटीस कागदावर होती. न्यायाधीशाला ती फाडता आली. आता अट यंत्राच्या आत बसते आणि स्वतःच स्वतःची अंमलबजावणी करते. मागे एका ओळखीच्या पोराकडे मोबाइलचा पडदा बदलायला गेलो. मी विचारले, भाग मिळत नाही का? तो म्हणाला, "मिळतोय की काका. वरिजिनल हाय, दुसऱ्या फोनातला काढल्याला. पर ह्यो फोन त्याला वळखत न्हाई." मग मी दिलेले पैसे तरी हा ओळखतो का, असे मी म्हणालो. त्यावर तो नुसता हसला.

ग्राहक चळवळीचे काय, असे कोणी विचारील. १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. तिथून १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यापर्यंत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे आणि तो मी कमी लेखत नाही. पण त्या कायद्यातले सहा हक्क मी पुनःपुन्हा वाचले : सुरक्षिततेचा, माहितीचा, निवडीचा, बाजू मांडण्याचा, निवारणाचा, ग्राहक शिक्षणाचा. घेतलेली वस्तू पुरती माझी असण्याचा हक्क त्यांत नाही. १९८६ साली तो लिहायची गरजच कोणाला वाटली नसावी. हवा श्वासात घ्यायचा हक्क आपण लिहून ठेवत नाही तसे. वस्तू सदोष निघाली तर दाद आहे. वस्तू अगदी व्यवस्थित चालते पण दुसऱ्याच्या हुकमाने चालते, याची तक्रार कोणत्या रकान्यात लिहायची? २०१९ च्या नव्या कायद्यात 'अन्याय्य करार' ही कल्पना आली आहे, तिच्यातून वाट निघू शकेल. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्यात शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती यंत्रे, वाहने घेतली, हेही बरे झाले.

विकत घेतलेल्या वस्तूचे काय काय करता येईल हे मोजून सांगणारा भारतीय कायदा माझ्या वाचनात एकच आला, आणि तो शहरी गिऱ्हाइकाचा नाही. २००१ च्या पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याचे एकोणचाळिसावे कलम. शेतकऱ्याला आपल्या पिकाचे बी राखता येईल, वापरता येईल, पेरता येईल, पुन्हा पेरता येईल, अदलाबदल करता येईल, वाटता येईल, विकताही येईल. फक्त कंपनीच्या छापाखाली विकता येणार नाही. हे वाचताना मला एकदम 'जल तरु तृण काष्ठ' आठवले. संकरित बियाणे दुसऱ्या वर्षी तसे उगवतच नाही, त्यामुळे तिथे या हक्काला कसही उरत नाही, हे खरे. पण कागद देणे मोजतो आहे.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहायला बसलो तो सांगतो. आमच्या भागातले एक निवृत्त शिक्षक गेले. तीन हजारांवर पुस्तके मागे ठेवून गेले आणि ती शेजारच्या एका छोट्या वाचनालयाला द्यावीत असे लिहून गेले. यादी करायला मला बोलावले. चार दिवस मी आणि त्यांचा मुलगा बसून पुस्तके लिहीत होतो. कुठे समासात सरांच्या पेन्सिलीच्या खुणा, कुठे जुन्या मालकाचे नाव खोडून घातलेले नवे नाव. शेवटची आठ-दहा वर्षे नजर कमी झाल्यावर सर टॅबवर अक्षर मोठे करून वाचत. त्यावर त्यांनी दोनशेच्या आसपास पुस्तके घेतली होती, प्रत्येकाचे पैसे मोजून; मुलाकडे बँकेच्या नोंदी होत्या. ती पुस्तकेही यादीत घालू, असे तो म्हणाला.

आम्ही अटी उघडून वाचल्या. बरोबर चष्मा होता म्हणून बरे. पुस्तके विकलेली नव्हती; वाचायची मुभा दिलेली होती, ती एकट्या खातेदाराला, आणि ती दुसऱ्या कोणाला देता येणार नव्हती. म्हणजे १९१७ साली व्हिक्टरला जे म्हणू दिले नाही ते. बटणावर मात्र 'खरेदी करा' असेच होते. २००९ साली अमेझॉनने लोकांनी पैसे देऊन घेतलेल्या ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या प्रती त्यांच्या किंडलमधून रातोरात काढून घेतल्या होत्या, त्यातले एक '१९८४'. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते म्हणून पैसे परत केले आणि पुढे कंपनीने माफीही मागितली. ही बातमी मी तेव्हा गंमत म्हणून कापून ठेवली होती. कॅलिफोर्नियाने आता कायदा केला आहे की नुसते लायसन देत असाल तर तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय 'खरेदी' हा शब्द वापरायचा नाही. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. घेताना माहीत असेल तर, याच्याच अंगाने तो जातो. आपल्याकडे असे काही नाही.

मुलाने मला विचारले, "मग बाबांनी घेतलं काय होतं?" मी वडिलांचे वाक्य सांगणार होतो, डबा आपला आणि आवाज सरकारचा. सांगितले नाही. वडिलांना दरवर्षी रांगेत उभे राहून कळत होते की आपण काय भरतो आहोत. सरांना कोणी सांगितलेच नव्हते.

वाचनालयाच्या दाखलनोंद वहीत ग्रंथपालबाईंनी सरांची पुस्तके ओळीने चढवली. शेवटी टॅब आला. 'नग एक, चालू स्थितीत' असे त्यांनी लिहिले. पुढच्या रकान्यात आतील साहित्य लिहायचे असते. त्यांनी पेन उचलून धरले, आमच्याकडे बघितले आणि तिथे आडवी रेघ मारली.